तूट कुणी भरायची?

आमच्या घरात राजकारणावर बोलायचा अधिकार वयाने मिळत नाही, हिशोबाने मिळतो. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एसटीत कंडक्टर म्हणून हयात काढली. दिवसभर तिकिटं फाडायची, रात्री डेपोत वेबिल आणि रोकड जुळवायची आणि कमी भरली तर स्वतःच्या खिशातून भरायची. त्यामुळे समोर खासदार असो, साखर कारखान्याचा चेअरमन असो की पोटचा पोरगा, अण्णांचा प्रश्न एकच असतो: "तूट आली तर कोण भरतं?"

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहितो. नोकरी लागली तेव्हा अण्णांनी हाच प्रश्न मलाही केला होता. मी त्यांना समजावून सांगितलं, की आमच्यात काही बिघडलं की सगळे मिळून एक मीटिंग घेतात, मग 'रूट कॉज ॲनालिसिस' नावाचा एक तक्ता भरतात, त्यात कुणाचंही नाव घालायचं नसतं आणि शेवटी 'प्रक्रियेत सुधारणा करण्यात येईल' असं लिहितात. अण्णा शांतपणे ऐकून घेत म्हणाले, "म्हणजे तक्ता भरता. पैसे नाही भरत." तेव्हापासून घरात राजकारणाचा विषय निघाला की मी श्रोता.

पण गप्प बसणं आमच्या धंद्याला जमत नाही. दिवसातून चार वेळा 'अपडेट' द्यायची सवय लागलेला माणूस टीव्हीसमोर मुका कसा बसेल? शिवाय माझं प्रामाणिक मत आहे, की या देशातलं आणि परदेशातलंही राजकारण समजायला राज्यशास्त्र फारसं उपयोगी नाही. प्रॉडक्शनमध्ये नवा कोड टाकायला रात्र रात्र जागलेला माणूस हवा.

आमच्यातला पहिला धडा असा: शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला हात लावायचा नाही. काही बिघडलं तर शनिवार-रविवार मातीत. हे अगदी कालच्या फ्रेशरलाही ठाऊक असतं. आता 19 सप्टेंबर 2025 बघा. वार शुक्रवार. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प सही करतात, की एच-वन-बी व्हिसाच्या अर्जाला एक लाख डॉलर शुल्क, अंमल रविवारपासून. कुणाला लागू, नव्याला की जुन्याला, बाहेर गेलेल्याला परत येताना की कसं, काही कळेना. माझा मावसभाऊ टेक्सासात असतो आणि त्याची वर्षाची सुट्टी नेमकी म्हाळात पडली होती. शनिवारी दुपारी तो सांगोल्यात मावशीच्या ओट्यावर बसून आळूची पानं पुसत होता. कंपनीचा निरोप आला: असाल तिथून चोवीस तासांच्या आत अमेरिकेत परता. सांगोल्याहून चोवीस तासांत टेक्सास! नकाशा न बघता निरोप पाठवणारा तो मॅनेजर कोणत्याही देशाचा असो, आमचाच माणूस. भावाने बॅगेची चेन लावली, काढली, पुन्हा लावली. रविवारी सर्वपित्री. मावशी पीठ मळता मळता म्हणाली, "पितरांना जेवू घालून जा. तेही लांबून आलेत, त्यांना कुठला व्हिसा." तिच्या भज्यांचा घाणा निघेपर्यंत खुलासा आला, की शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे आणि एकदाच भरायचं आहे. आमच्या भाषेत हॉटफिक्स. पण तोवर ज्यांनी दुप्पट-तिप्पट भावाने विमानाची तिकिटं काढली, त्यांची तूट कुणी भरली? अण्णांचा प्रश्न मी मनातल्या मनात केला. मोठ्याने केला असता तर त्यांनी रॉयल्टी मागितली असती.

आपल्याकडे शुक्रवारपेक्षा रात्रीचे आठ जास्त प्रिय. 8 नोव्हेंबर 2016, रात्री आठ वाजता घोषणा, बारा वाजल्यापासून पाचशे-हजारच्या नोटा रद्द. चार तासांची सूचना. आम्ही साध्या बटणाचा रंग बदलायचा तर ग्राहकाला आठवडाभर आधी ईमेल पाठवतो. बरं, घोषणा झाली ती झाली, दोन हजारांची नवी नोट छापली ती वेगळ्या मापाची. देशभरातल्या एटीएमच्या आतल्या कॅसेटी जुन्या मापाच्या. एकेक यंत्र माणूस पाठवून जुळवून घ्यावं लागलं. मी तेव्हा घरात आवाज चढवून म्हणालो होतो, "टेस्टिंग केलं नाही, दुसरं काय! इंटिग्रेशन टेस्टिंग नावाची गोष्ट असते..." माझी बायको बँकेत आहे, तेव्हा काउंटरवर होती. रात्री नऊला घरी येऊन चपलाही न काढता ती सोफ्यावर बसली होती. म्हणाली, "तुझा यूजर अमेरिकेत असतो आणि तिकीट पाठवतो. माझा आज काचेच्या पलीकडे उभा होता, मुलीच्या लग्नाची पत्रिका हातात घेऊन. मला टेस्टिंग शिकवू नकोस, चहा टाक." अण्णांनी मान डोलावली. त्या दिवसापासून या घरात तिला राजकारणावर बोलायचा पूर्ण अधिकार आहे. त्या गर्दीत रोकड मोजताना कॅशियरला कमी भरली तर ती त्यालाच भरावी लागते, हे अण्णांना तिने सांगितलं होतं. दोघांची जात एकच निघाली.

मात्र शुद्ध तांत्रिक दृष्टीने मला आजवर एकच राजकीय घटना निर्दोष वाटली. 23 नोव्हेंबर 2019. तो शनिवार होता, आणि ही गोष्ट राजकीय विश्लेषकांच्या नजरेतून सुटली. शनिवार पहाट म्हणजे आमचा मुहूर्त! ग्राहक झोपलेला, वापर शून्य, काही बिघडलं तर सोमवारपर्यंत वेळ. पाच सत्तेचाळीसला राष्ट्रपती राजवट उठली, आठच्या सुमाराला राजभवनात शपथविधी उरकला. अण्णांच्या हातातल्या पेपरात पहिल्या पानावर एक मुख्यमंत्री आणि समोर टीव्हीवर दुसराच. त्यांनी पेपरची तारीख पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा तारीख पाहिली आणि आईला विचारलं, "आज वार कोणता?" मंगळवारी राजीनामे. ऐंशी तासांच्या आसपास सगळं पूर्ववत. इतका स्वच्छ रोलबॅक आमच्या कंपनीत कधी झालेला मी पाहिला नाही. आमच्यात रोलबॅक करायचा म्हटला की आधीची आवृत्ती कुणाकडे आहे यावरच दोन दिवस जातात.

आता नोटीस पिरियड. माझ्या नेमणूकपत्रात तो नव्वद दिवसांचा आहे. दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली तरी तीन महिने आधीच्या खुर्चीत बसून 'नॉलेज ट्रान्स्फर' करायचं. नव्या कंपनीला मात्र माणूस परवा हवा असतो, आणि तिथल्या नेमणूकपत्रातही नव्वदच दिवस लिहिलेले असतात! लॅपटॉप परत, ओळखपत्र परत, हेडफोनचा स्पंज फाटला तर त्याचे पैसे. आता 2022 चा जून आठवा. सुरत, तिथून गुवाहाटी, तिथून गोवा. ना राजीनामा, ना हस्तांतर, ना एक्झिट इंटरव्ह्यू. उलट जाताना पक्षाचं नाव आणि चिन्हही सोबत, आणि पुढच्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगाने तेच खरे धनी असं ठरवून दिलं. मी उद्या कंपनी सोडताना पाटी काढून नेली आणि म्हणालो, की मूळ कंपनी म्हणजे मीच, तर मला गेटवरचा वॉचमनसुद्धा सोडणार नाही.

पक्षांतराला आळा घालायला 1985 साली कायदा झाला, राज्यघटनेत दहावं परिशिष्ट आलं. तेव्हा एक तृतीयांश लोक फुटले तर चालत होतं. 2003 च्या दुरुस्तीने ती पळवाट बुजवली. आता दोन तृतीयांश आणि तेही दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला हवेत. आमच्यातही असंच होतं. चार ओळींची पळवाट बुजवायला चाळीस ओळी लिहिल्या की नव्या चाळीस ओळींतून बैलगाडी जाते. त्या जूनमधल्या आमदारांच्या अपात्रतेच्या तक्रारी दीड वर्ष पडून होत्या. मधे सर्वोच्च न्यायालयाने विधानसभा अध्यक्षांना वाजवी मुदतीत निकाल द्यायला सांगितलं. 10 जानेवारी 2024 ला निकाल लागला: दोन्हीकडचं कुणीच अपात्र नाही. दीड वर्ष जुनं तिकीट 'ठरल्याप्रमाणेच चालू आहे' असा शेरा मारून बंद करणं ही आमची खासियत. ती विधानभवनात पाहून ऊर भरून आला.

या प्रकरणात आमच्या तालुक्याचं नाव मात्र जगभर झालं. गुवाहाटीच्या हॉटेलातून कार्यकर्त्याला फोनवर झाडी, डोंगार आणि हाटील यांचं वर्णन करणारे शहाजीबापू पाटील आमच्या सांगोल्याचे. त्या आठवड्यात आमच्या फ्लोअरवरचे बंगाली, तेलुगू, सगळे मला बघितलं की 'ओक्केमधी' म्हणायचे. एका तमिळ सहकाऱ्याने तर गंभीरपणे विचारलं, की तुमच्याकडे झाडी नसते का? नसते बाबा. आमच्याकडे दुष्काळ असतो. त्या फोनमधलं कौतुक अस्सल होतं, ते वैराण माळावर वाढलेल्या माणसालाच सुचेल.

त्याच सांगोल्याने गणपतराव देशमुखही दिले. एक मतदारसंघ, एक पक्ष, अकरा वेळा आमदार. 1962 ला पहिल्यांदा निवडून आले, 2014 ला शेवटचं. शेतकरी कामगार पक्ष राज्यात आटत गेला तरी माणूस हलला नाही. एसटीने फिरणारा आमदार म्हणून त्यांचं नाव. अण्णा हे सांगतात तेव्हा असं वाटतं, की सगळ्या फेऱ्यांना कंडक्टर हेच होते. मी एकदा सहज म्हणालो, "अण्णा, आमच्या एचआरने हा बायोडाटा बाजूला ठेवला असता. पन्नास वर्षं एकच कंपनी, एकच लोकेशन. म्हणतील, वाढीची भूक नाही." अण्णा म्हणाले, "दोनदा पडले ते. पण डेपो बदलला नाही." 2024 ला बापू पडले आणि गणपतरावांचा नातू निवडून आला, त्याच पक्षातून. अण्णांनी त्या संध्याकाळी सोसायटीच्या वॉचमनला पेढा दिला. तो बिहारचा, त्याने आधी खाल्ला, मग कारण विचारलं.

राजकारण पुरे. धंद्याकडे वळू, कारण तिथे माझं ज्ञान आणखी कमी आणि बोलण्याची हौस आणखी जास्त आहे.

माझा थोरला चुलतभाऊ, नाना, गावाकडे डाळिंब करतो. जात भगवा. लाल बावट्याचा तालुका आणि शिवारभर भगवा, असा योग फक्त सांगोल्यात. नानाचा फोन मला नेमका अप्रेझलच्या हंगामात येतो. एका बाजूला माझा मॅनेजर मला समजावत असतो, की तुझं काम उत्तमच आहे, पण बेल कर्व्ह असल्यामुळे तू यंदा मधे बसतोस. आणि दुसऱ्या बाजूला नाना सांगतो, की बाग ताणावर सोडलीय.

ताण देणं ही काय चीज आहे ते नानाच्या बांधावर उभं राहून बघावं. झाडाचं पाणी तोडायचं. एक-दोन महिने, जमीन बघून. पानं पिवळी पडायला लागतात, गळतात, उरलेली फवारून गाळायची. छाटणी करायची. झाड बोडकं, काड्याच काड्या. शेजारच्या गावातून आलेला माणूस म्हणेल की बाग मेली. मग खत घालून पाणी सोडायचं, की ते घाबरलेलं झाड फुटतं, आणि फुटलं की कळ्यांनी भरतं. आंबे बहार धरायचा, मृग की हस्त, हे पाणी किती, बाजार कधी आणि मागच्या वर्षी कुठल्या बहारात तेल्या आला यावर. नाना चिमटीत माती चुरगाळतो, एक पान उलटं करून उन्हाकडे धरतो आणि आठ-दहा लाखांचा निर्णय उभ्या उभ्या घेतो. आमच्याकडे तेवढ्या रकमेचा निर्णय घ्यायला स्टिअरिंग कमिटी असते, आणि ती पुढच्या गुरुवारी भेटायचं ठरवून उठते.

आमच्या कंपनीनेही अलीकडे ताण देणं सुरू केलंय. भरती बंद, प्रवासखर्च बंद, पाचव्या मजल्यावरचं कॉफीचं यंत्र बंद. पानगळ चालू आहे. ईमेलमध्ये तिला 'राइटसायझिंग' म्हणतात. नाना म्हणाला, "ताण देणं सोपं रं. पाणी कधी सोडायचं ते कळाय लागतं. चार दिस जास्त झालं की झाड सरपणाला."

आणि त्याला ते माहीत आहे. काही वर्षांपूर्वी पिनहोल बोरर नावाची कीड सांगोल्यात अशी शिरली, की बांधाबांधावर काढून टाकलेल्या झाडांचे ढीग लागले. टाचणीएवढी भोकं, पण उभं झाड वाळतं. 2020 च्या डिसेंबरात देशातली शंभरावी किसान रेल याच सांगोल्याहून पार बंगालला सुटली, पंतप्रधानांनी झेंडी दाखवली, आणि त्यानंतर थोड्याच काळात नानाने निम्मी बाग जेसीबीने काढली. तूट त्याने भरली. सोसायटीचं कर्ज, वहिनीच्या पाटल्या. मग नवी रोपं. रूट कॉज ॲनालिसिस वगैरे काही नाही. खरं तर इथे मुळाशीच प्रश्न होता, पण तक्ता भरायला कुणी आलं नाही.

उद्योगपतींची भाषणं मी आवडीने ऐकतो, कारण ती सकाळी हिंजवडीच्या चौकात उभ्या गाडीत ऐकायची असतात आणि दोन्ही गोष्टी सारख्याच वेगाने पुढे सरकतात. नारायण मूर्तींनी 2023 ला तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करायला सांगितलं. पुढे 2025 च्या जानेवारीत एका बड्या अभियांत्रिकी कंपनीच्या अध्यक्षांचं नव्वद तासांचं मत बाहेर आलं. रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, अशी त्यांची पृच्छा होती. हा व्हिडिओ मी घरी दाखवला. बायकोने भाजी निवडता निवडता पाहिला आणि म्हणाली, "बघायला सांगितलंय कुणी? कपडे वाळत घाल." मग थोड्या वेळाने, गवारीच्या शिरा काढता काढता, "आणि ते मूर्ती. 1981 साली दहा हजार रुपये कुणी दिले त्यांना? बायकोने. नोकरी करून साठवलेले. तिला कुणी विचारतं का, आठवड्याचे किती तास?" मी म्हटलं, की मलाही कंपनी काढायची आहे, तू दहा हजार देशील का. ती म्हणाली, गॅरंटर आण.

आईचा या सगळ्यात फारसा उल्लेख आला नाही, कारण आई मत देत नाही, निकाल देते. तिचं स्वयंपाकघर म्हणजे डॉक्युमेंटेशन नसलेली जुनी सिस्टीम. हिंगाच्या डबीत सोडा, सोड्याच्या डबीत सुपारी, आणि बोर्नव्हिटाच्या डब्यात शेंगदाण्याचं कूट. मी एकदा सगळ्यांवर लेबलं चिकटवली. आईने काही म्हटलं नाही. आठवड्याने पाहिलं तर लेबलं जागच्या जागी होती, आतला माल तिने फिरवला होता.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली. माझी नोकरी ती खाणार, असं पेपरात रोज येतं, आणि अण्णा पेपर मोठ्याने वाचतात. एका रविवारी म्हणाले, दाखव बघू कोण तो. मी फोनवर चॅट उघडून दिलं आणि माइक दाबला. अण्णा खुर्चीत सरसावून बसले, परगावच्या पाहुण्याशी बोलतात तसे. "नमस्कार. सांगोल्यात हस्त बहार धरावा का मृग?" यंत्राने उत्तम मराठीत सात मुद्दे सांगितले: जमीन, पाणी, बाजारभाव, कीड, शेवटी तज्ज्ञांचा सल्ला घ्या. अण्णांनी सगळं ऐकलं. मान्य करायला हवं, मुद्दे बरोबर होते. आमच्या मॅनेजरने इतकं मुद्देसूद कधी बोलून दाखवलेलं नाही.

"बोलतोय चांगला," अण्णा माझ्याकडे वळले. "ह्याच्या सांगण्यानं बाग धरली आणि गेली, तर तूट हा भरतो का?"

"नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, चुका होऊ शकतात म्हणून."

"पगार?"

"महिन्याचं भाडं असतं, ते कंपनीला जातं."

"आणि नोटीस पिरियड?"

"त्याला कसला नोटीस पिरियड, अण्णा."

अण्णांनी फोन माझ्या हातात परत दिला. "मग तू कशाला घाबरतोस?" ते म्हणाले. "हा नोकरी कशाला करेल? आमदारकीला उभा राहील."